एका डब्यातला गंज

"सातही चमकवून द्या, काका. धारही लावा. किती होतील तेवढं सांगा," असं म्हणत त्या तरुणाने पत्र्याचा चपटा डबा माझ्या टेबलावर ठेवला. आत जुने वस्तरे. कुणीतरी मोडीत काढलेल्या सामानातून जवळपास फुकटात पदरात पडलेले. घरच्यांनी त्याला आधीच ऐकवलं होतं: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझ्याकडून बहुधा त्याला याच्या उलट ऐकायचं होतं.

धार लावणं आणि जुन्या हत्यारांची डागडुजी हे माझं काम. स्वस्तातले वस्तरे घेऊन येणारे मला नवे नाहीत. वस्तरा कितीला मिळाला याचा माझ्या मजुरीशी काही संबंध नाही, हे त्यांना पटायला जरा वेळ लागतो. पात्यावरचा शिक्का वाचून गंज लवकर निघत नाही. नामांकित असो की अनोळखी, खड्डे पडलेलं पातं २२० नंबरच्या वॉटर पेपरपासून २००० पर्यंत हाताने घासत न्यायचं तर अख्खी दुपार जाऊ शकते. धार त्यानंतर. मूठ बदलायची असेल तर आणखी अर्धा दिवस. म्हणून मी आधी बघतो आणि मग बोलतो. खर्च करायचा की नाही ते या बघण्यातच ठरतं, आणि त्याला फारसा वेळ लागत नाही.

त्या दिवशी मात्र लागला.

डबा उघडताच वास आला. वरवर कापराचा, पण त्याच्याखाली नाकाला झोंबणारा, आंबट. "हा डबा कायम बंद असतो का?" मी विचारलं.

"हो. दमट हवा लागू नये म्हणून. तेलाचं फडकंही ठेवलंय आत." मग त्याने एक वस्तरा पुढे केला. "हा बघा. मी स्वतः घासून आरशासारखा केला होता. तेल लावून ठेवला. तरी परत गंजला. तेव्हा ठरवलं, आता जाणकाराकडेच द्यायचं."

तेल लावलेलं, बंद डब्यातलं पोलाद थोड्याच दिवसांत असं लाल होत नाही. डब्यात ते ज्या क्रमाने पडले होते त्याच क्रमाने मी त्याला सातही वस्तरे टेबलावर मांडायला लावले. मांडल्यावर त्याच्याही लक्षात आलं. मधल्या वस्तऱ्यावर सगळ्यांत जास्त गंज, शेजारच्या दोघांवर त्याहून कमी, कडेच्या वस्तऱ्यांवर फक्त जुने काळे डाग. ओल असती तर तिने असा मध्य साधला नसता.

मधल्या वस्तऱ्याची मूठ पिवळट तपकिरी होती, कासवाच्या पाठीसारखी दिसावी म्हणून केलेली, अर्धवट पारदर्शक. तिला चिकट घाम आला होता, आत बारीक तडे गेले होते आणि पितळी पिनांभोवती हिरवी पूड साचली होती. पातं उघडलं तर त्याचा जेवढा भाग मुठीच्या पोटात राहतो तेवढाच खाल्लेला. शेपटाकडचा भाग, जो बंद केल्यावरही बाहेर असतो, तो बराच स्वच्छ.

मूठ सेल्युलॉइडची होती. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिसळून केलेलं हे प्लॅस्टिक. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी त्याचं पेटंट १८७० मध्ये घेतलं आणि पुढे कंगव्यांपासून वस्तऱ्यांच्या मुठींपर्यंत, हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या जागी ते सर्रास वापरलं गेलं. जुनं झालं की ते आतून विघटित होऊ लागतं. कापूर उडून जातो, नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात आणि हवेतल्या बाष्पाशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. हे आम्ल पितळाला हिरवं करतं, पोलाद खातं आणि खुद्द मुठीचंही विघटन वाढवतं. डबा बंद असेल तर वायू आतच कोंडला जातो. म्हणजे पोराने काळजीपोटी जे केलं तेच गंजाच्या पथ्यावर पडलं होतं.

हस्तिदंती रंगाच्या अपारदर्शक मुठी याबाबतीत बऱ्या. रंगासाठी त्यांत जस्ताचा ऑक्साइड घालत, आणि तो थोडंफार आम्ल शोषून घेतो. पारदर्शक आणि कासवाच्या नकलेच्या मुठी पाहिल्या की मी पहिल्यांदा पिना बघतो. पिनांभोवती हिरवं दिसलं तर पात्यावर पैसे घालण्याआधी मूठ काढायची, नाहीतर तेच काम पुन्हा करावं लागतं.

एवढं कळल्यावर सातही चमकवण्याचा प्रश्न निकालात निघाला. उरला हिशेब.

मधल्याचे खड्डे थेट धारेपर्यंत पोचले होते. पाठीवर किंवा कुशीवर खड्डे असले तर माझी हरकत नसते. दिसायला वाईट, दाढीला काही फरक नाही. धारेत खड्डा असला की दगडावर कितीही घासा, एक संपतो तिथे दुसरा वर येतो. हे पातं गेलं.

त्याने स्वतः घासलेल्या वस्तऱ्याबद्दल बोलणं मला अवघड गेलं. गंज वरवरचा होता, तो निघाला असता. पण टोकाजवळ धारेलगत निळसर छटा होती. "मशीनवर चाक लावून घासलंस ना?" म्हटलं. त्याने होकारार्थी मान हलवली. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की वस्तऱ्याचं पोलाद मऊ व्हायला लागतं, आणि निळा रंग म्हणजे तीनशेच्या आसपास. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की फिरत्या चाकावर ती बघता बघता तापते. पाणी उतरलेल्या, म्हणजे तापून मऊ पडलेल्या पोलादाला धार लागते, टिकत नाही. ते परत मिळवायचं तर पातं पुन्हा तापवून, विझवून, घासून काढायचं, म्हणजे जवळजवळ नवा वस्तरा करायचा. पोरगा बराच वेळ गप्प होता.

सगळ्यांत देखणा होता तो सोनेरी नक्षीचा, पोटातून पोकळ घासलेला, कागदासारखा पातळ. अशी पाती नखाने टिचकी मारली की खणखणतात. हे बद्द वाजलं. उजेडात तिरपं धरल्यावर मधोमध धारेतून वर जाणारी केसाएवढी चीर दिसली. चीर दगडावर घासून काढण्याच्या नादी मी लागत नाही. ती गालावर असताना उघडली तर काय, एवढा एकच प्रश्न मला पुरतो.

मग आले दोन वस्तरे ज्यांच्याकडे त्याने नीट पाहिलंही नव्हतं. एकावर सोलिंगन हे जर्मनीतल्या गावाचं नाव आणि कुठल्याशा व्यापाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर नुसतं इंग्लंड. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे असा शिक्का असला की वस्तरा बहुधा त्यानंतरचा. सोलिंगन आणि इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारखाने दुकानदारांच्या नावाने भरपूर माल काढत. नाव अनोळखी म्हणून वस्तरा स्वस्त जातो, पोलाद मात्र अनेकदा नामांकितांच्याच तोडीचं असतं. दोघांवर काळे डाग होते, लाल गंज नव्हता. काळा डाग बसलेला असतो, तो पुढे खात नाही. धार सलग, पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली, मुठी शिंगाच्या. स्वस्त वस्तऱ्यांमध्ये पैसे घालायचे तर अशांत घालावे.

सहाव्याच्या धारेला टवका होता. वस्तरा दगडावर सपाट झोपतो, पाठ आणि धार एकदम टेकतात. त्यामुळे धारेचा कोन माझ्या हातात नसतो, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून तो ठरतो. हा ५/८ इंची होता, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद, पाठ साडेचार मिलिमीटर. कोन १६ अंशांच्या आसपास. टवका काढायला एक मिलिमीटर धार घासली तर कोन १७ होतो, दाढीला जाणवणारही नाही. तीन मिलिमीटर घासावे लागले असते तर २० झाला असता, शिवाय धारेमागचं पोलाद जाड लागलं असतं आणि वस्तरा केस कापण्याऐवजी ओढू लागला असता. इथे एकावर भागत होतं. घ्यायला हरकत नाही, म्हटलं, पण दगडावरचा वेळ दुप्पट धर.

सातवा शेफील्डचा, पाचरीसारखा जाड. तो मधल्याच्या शेजारीच होता, त्यामुळे गंज खोल गेला होता, पण खाली पोलादही भरपूर होतं. असं पातं वाचतं. फक्त पोकळ नसल्यामुळे दगडाला त्याची सगळी कूस लागते आणि १००० नंबरच्या दगडावरच घामटा निघतो. हा व्यवहारात बसत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

"मग करू काय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, चमक विसर. तीन वस्तऱ्यांना फक्त धार: १०००, ५०००, ८०००, शेवटी १२००० नंबरचा दगड, मग चामड्याचा पट्टा. डाग राहू देत. चमक वगळली की मजुरी निम्म्याहून खाली येते, कारण खरा वेळ ती खाते. रोज वापरायला एक पुरतो, दुसरा फिरता ठेवावा, तिसरा हौस म्हणून. चिरलेला आणि पाणी उतरलेला शोभेला ठेव, त्यावर माझा तास घालवू नकोस. शेफील्ड स्वतः घासायचा असेल तर घास, पण हाताने, पाण्यात, मशीन न लावता. त्यातला वेळ तुझा, त्यामुळे तो महाग की स्वस्त हे तुझं तू ठरव.

त्याने चमकेचा हट्ट सोडला. इंग्लंडवाल्या वस्तऱ्याची पाठ तेवढी उजळून द्या, एवढंच म्हणाला. ते मी कबूल केलं.

मधल्याची मूठ तिथेच काढली. पिनांची डोकी कानशीने उडवली आणि तोंडाला मास्क लावला, कारण अशा जुन्या मुठींच्या टोकाला दोन फळ्यांमध्ये पाचर असते आणि ती पुष्कळदा शिशाची निघते. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, म्हणून तुकडे आगीपासून लांब, उघड्यावर ठेवले. डबा सोड्याच्या पाण्याने धुऊन त्याला दिला आणि बजावलं की वस्तरे यात परत ठेवायचे नाहीत, आणि ज्याची मूठ सेल्युलॉइडची असेल तो बाकीच्यांपासून लांब, हवेशीर जागी, झाकणाविना राहील. त्यांतल्या एकाची हस्तिदंती रंगाची सेल्युलॉइड मूठ धडधाकट होती, तरी तिला महिन्या-महिन्याने हुंगून बघ, असंही सांगितलं. ते त्याने हसण्यावारी नेलं नाही, वहीत लिहून घेतलं.