टियागो ईव्हीने रत्नागिरी ते गुहागर, आणि अर्थिंगची गोष्ट

गाडी घेऊन पाच महिने झाले. टाटाची टियागो ईव्ही, म्हणजे विजेवरची, २४ युनिटची बॅटरी असलेली. आमचं रोजचं चालवणं म्हणजे मारुती मंदिरावरून खाली राम आळी, गोखले नाका, आईला दवाखान्यात, लेकीला शाळेत, मधेच कुणाला तरी कुवारबावला स्टेशनवर सोडायचं, झाले दिवसाचे २०-२५ किमी. त्यासाठी गाडी कशी आहे ते सांगतोच, पण आधी दिवाळीनंतर गुहागरला जाऊन आलो त्याबद्दल, कारण पाच महिन्यांत जे नीट डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका रात्री शिरलं.

शनिवारी सकाळी सातला निघालो, मी, बायको, आई आणि लेक, बॅटरी १०० टक्के. शिरगाव, साखरतर, काळबादेवी करत आरे-वारेचा रस्ता घेतला. या रस्त्याला घाई करूच नये, वारे गावाच्या चढावर थांबून खाली समुद्र बघायचा आणि मग उतरायचं. गाडीबद्दल इथे एक सांगायचंय. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर रीजन (पाय उचलल्यावर मोटरच गाडी हळू करते आणि वीज परत बॅटरीत भरते ते) जवळजवळ लागतच नाही, कारण तयार झालेली वीज ठेवायला आत जागा नसते. रोज रीजनच्या लेव्हल तीनवर, म्हणजे सगळ्यात जास्त, पाय उचलला की गाडी आपसूक हळू होते, त्याची सवय होते, आणि फुल चार्ज असताना पहिल्या उतारावर गाडी मोकळी पळायला लागते तेव्हा दचकायला होतं. ज्यांचं घर वर आणि बाजार खाली (रत्नागिरीत अर्ध्या लोकांचं तसंच आहे) त्यांनी रोज ८०-८५ वर चार्जिंग थांबवावं. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे म्हणून अधूनमधून पूर्ण १०० करावी लागते, नाहीतर टक्क्यांचा आकडा भरकटतो, पण त्या दिवशी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरा.

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा ८७ टक्के होते, एसी चालू, माणसं चार. देवदर्शन, मोदक, मग मालगुंडवरून जयगड. जयगड-तवसाळ फेरीबोटीला सुट्टीच्या दिवशी रांग असते, अर्धा तास हातात ठेवून जा. ओहोटी असेल तर रॅम्प जास्त उतरता होतो आणि बुटक्या गाडीचा पुढचा बंपर घासायची भीती असते, तिथल्या पोरांना सांगायचं, ते तिरकी घ्यायला लावतात. फेरीवर हँडब्रेक ओढा आणि गाडी बंद करा. इंजिनचा आवाज नाही म्हणून गाडी चालूच राहिली असं खूप जणांचं होतं.

तवसाळहून हेदवी, दशभुजा गणपती, नंतर वेळणेश्वर. हा पट्टा सगळा चढ-उताराचा, आणि चढ दिसला की बॅटरीचं काय होणार असं आईसुद्धा विचारायला लागली. तर हिशोब असा की चार माणसांसकट गाडी १०० मीटर उंच चढवायला साधारण अर्धा युनिटसुद्धा लागत नाही आणि त्यातला बराचसा भाग उतरताना परत मिळतो. बॅटरी खाते ती हायवेवर ऐंशी-नव्वदच्या पुढे पळवली की. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर तीस-चाळीसच्या वर जाताच येत नाही, म्हणून ही गाडी इथे शोभते. गुहागरला पोचेस्तो सगळे मिळून ८३ किमी झाले आणि ५३ टक्के उरले. म्हणजे परत जायला कसेबसे पुरले असते, पण असं कसंबसं जाऊ नये.

आता रात्रीचं. होमस्टे बुक करताना फोनवर विचारलं होतं, १५ अँपिअरचा प्लग आहे का, काका म्हणाले आहे आहे, गिझरचा आहे. रात्री नऊला चार्जर लावला तर लाल लाईट, अर्थ फॉल्ट, म्हणजे प्लगाला अर्थिंग नीट नाही. दुसऱ्या खोलीत लावला, तेच. काकांनी शेजारचा वायरमन बोलावला, तो म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे, प्लगात न्यूट्रलवरून अर्थला जंप टाकतो, चालू होईल. आणि चालू झालंही असतं. मी हात जोडून नको म्हटलं. असा जंप टाकला आणि कुठेतरी न्यूट्रल तुटली तर अर्थच्या वायरमधून करंट थेट गाडीच्या पत्र्यावर येतो, आणि सकाळी लेक ओल्या पायाने दार उघडायला जाणार. कृपा करून हे कुणी करू नका, वायरमन कितीही ओळखीचा असला तरी नको.

शेवटी काकाच म्हणाले, "विहिरीवरच्या पंपाजवळ लावून बघूया काय? त्याला अर्थिंग वेगळं केलंय." आगरातून गाडी मागे नेली, पंपाच्या शेडमधला प्लग, लावल्याबरोबर हिरवी. दोन वाजेपर्यंत फुल झाली असणार, सकाळी बघितलं तर १०० होते.

कारण तसं साधं आहे. आपली घरं जांभ्यावर बसलेली, जांभा पावसाळा संपला की कोरडा ठणठणीत, त्यात कधीकाळी पुरलेली पट्टी गंजलेली किंवा वायर बोर्डापर्यंत आलेलीच नसते. टीव्ही, फ्रिज, गिझर सगळं त्यावर चालतं म्हणून कुणाला कळतच नाही, गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि मगच सुरू होतो. विहिरीजवळची माती कायम ओली, म्हणून तिथलं अर्थिंग चांगलं. माझ्या घरी जुलैत गाडी आली तेव्हा हेच झालं होतं, पण पावसाळा होता, वायरमनने एक वायर घट्ट केली आणि चालू झालं, मी विषय सोडून दिला. गुहागरहून आल्यावर नीट खड्डा काढून घेतला, कोळसा-मीठ घालून, न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला, म्हणजे उन्हाळ्यात पण ओल राहील.

म्हणून ज्यांना शहरात रोजच्यासाठी अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी शोरूमला जायच्या आधी वायरमनला घरी बोलवा. टेस्टर नको, मीटर लावून अर्थिंग बघायला सांगा. चार्जरसाठी मीटरबोर्डापासून वेगळी जाड वायर ओढा, स्वतःचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडतो तो) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडतो तो), कारण ही गाडी आठ-नऊ तास सलग दहा-बारा अँपिअर ओढते, मिक्सरसारखं दोन मिनिटांचं काम नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. आणि समुद्राजवळ राहत असाल तर प्लगच्या पितळेला कळंक चढतो, पकड सैल होते आणि प्लग तापतो. मी पंधरा दिवसांनी चार्जिंग चालू असताना प्लगच्या टॉपवर हात लावून बघतो, गरम लागला की सॉकेट बदलायचं.

बाकी रोजच्या वापरात गाडीने मला खूप सुख दिलंय हे मनापासून सांगतो. मारुती मंदिरच्या सिग्नलला, बाजारातल्या चढावर गाडी मागे यायची भीती नाही, क्लच नाही, आईला बसायला-उतरायला त्रास नाही. गावात मला एका युनिटला आठ किमीच्या आसपास मिळतात. कंपनीने २०२२ मध्ये ३१५ किमीचा आकडा दिला होता तो चाचणीतला, घरचा हिशोब १८०-१९० धरून करा. बिलाचं एक लक्षात ठेवा, गाडीमुळे महिन्याचे युनिट ३०० च्या वर गेले तर वरच्या युनिटांना महाग स्लॅब लागतो, आम्ही अजून आतच आहोत. परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा, हे आम्ही आधी टीव्हीसाठी करायचो, आता गाडीसाठी करतो. स्टेपनी नसते, पंक्चर किट येतं, ते एकदा घरी अंगणात वापरून बघा, वेळणेश्वरच्या वाटेवर अंधारात पहिल्यांदा उघडू नका.

आणि होमस्टेला फोन कराल तेव्हा १५ अँपिअरचा प्लग आहे का हे विचाराच, पण पंप कुठेय आणि तिथपर्यंत गाडी जाते का हेही विचारा. गुहागरला आमचं तिथेच भागलं. रविवारी त्याच रस्त्याने दुपारी चारला घरी आलो, ५१ टक्के होते, सोमवारी तेवढ्यावरच शाळा, बाजार सगळं झालं.