अमेरिकेत अध्ययन अक्षमतेच्या ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला अर्ज: माझा अनुभव

भारतातलं बी.एड. आणि शाळेतला अनुभव हाताशी धरून अमेरिकेत अध्ययन अक्षम मुलांना (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना अडणाऱ्या मुलांना) शिकवण्याच्या ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला, म्हणजे पदवीनंतरच्या छोट्या कोर्सला, अर्ज करायचा, तर ऑनलाइन फॉर्म हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. वेळ खातात ती भारतातून मागवायची कागदपत्रं आणि पैसे खातो तो चुकीचा निवडलेला कोर्स. म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवून आधी राज्याच्या शिक्षण खात्याचे नियम वाचायला घेतले.

सर्टिफिकेट विद्यापीठ देतं, पण सरकारी शाळेत शिकवायचा परवाना राज्य देतं. हे कोर्स साधारण १२ ते १८ क्रेडिटचे, म्हणजे चार ते सहा विषयांचे असतात आणि त्यातले बरेच आधीच परवाना असलेल्या शिक्षकांसाठी आखलेले असतात. मूळ परवाना नसेल तर सगळी फी भरूनही हाती नुसता कागद राहतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'प्रोफेशनल लायसन्शर' असं एक पान असतं, त्यात हा कोर्स कुठल्या राज्याच्या अटींत बसतो ते दिलेलं असतं. दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ ऑनलाइन शिकवत असेल तर हे पान आधी बघायचं. शंका ईमेलनेच विचारा, उत्तर लेखी राहतं. हीच क्रेडिट पुढे त्यांच्या एम.एड.मध्ये धरली जातील का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावं.

व्हिसाचं थोडक्यात: एच-४ वर (एच-१बी नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) पूर्णवेळ शिकता येत नाही. एफ-१ साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी, पूर्ण ऑनलाइन कोर्स चालत नाही.

आता मूल्यांकन. भारतातली पदवी अमेरिकेच्या मापात बसवून देणाऱ्या वेससारख्या (WES) संस्था आहेत. विद्यापीठ त्यांपैकी कुणाचा अहवाल स्वीकारतं ते आधी बघावं. अहवाल विषयवार घ्यायचा, नुसत्या पदवीचा स्वस्तातला अहवाल बहुतेक ठिकाणी परत येतो. तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. काही जण इथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे पदवी, बी.एड. आणि असेल तर एम.ए., सगळंच एकदम पाठवावं. पदवी एका विद्यापीठाची आणि बी.एड. दुसऱ्याचं असेल तर गुणपत्रिका पाठवण्यासाठी दोन्ही विद्यापीठांकडे वेगवेगळे अर्ज करावे लागतात. परीक्षा विभाग गुणपत्रिका साक्षांकित करून पाकिटात घालतो. पाकिटाच्या झाकणावर सही-शिक्का हवा आणि बाहेर मूल्यांकन संस्थेने दिलेला आपला संदर्भ क्रमांक ठळक लिहिलेला हवा. क्रमांक नसला की पाकीट पोहोचतं, पण कुणाच्या फाइलला लावायचं तेच कळत नाही. आणि पाकीट घरी आणून 'नीट आहे ना' म्हणून उघडलं की ते बाद.

मराठी बायकांची खरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कुणाकुणाचं तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती. फॉर्ममध्ये 'पूर्वीचं नाव' या रकान्यात गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं आणि विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत जोडायचा. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्राची प्रतही जोडावी.

बहुतेक ठिकाणी गुणांची किमान सरासरी (जीपीए) ४ पैकी ३.० मागतात. टक्क्यांना २५ने भागून ती काढू नये. असं केलं तर ६२ टक्के म्हणजे २.४८ येतात आणि माणूस उगाच अर्ज सोडून देतो. प्रत्यक्षात मूल्यांकनात आपला प्रथम वर्ग बराच वर जातो. इंग्रजी माध्यमाचं पत्र दिलं तर पुष्कळ विद्यापीठं टोफेल ही इंग्रजीची परीक्षा माफ करतात. बी.एड. मराठी माध्यमातून झालं असेल तर परीक्षा द्यावी लागेल, असंच धरून चाला.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन. पत्र भरायची लिंक शिफारस देणाऱ्याच्या ईमेलवर थेट जाते आणि हमखास स्पॅममध्ये पडते. मुख्याध्यापिका बाईंना आधी फोन करून सांगावं आणि शक्य असेल तर शाळेचा अधिकृत पत्ता द्यावा. 'मेहनती व मनमिळाऊ' एवढ्यावर संपणारं पत्र काही कामाचं नाही. अर्जदार किती मुलांना, कोणत्या इयत्तेत, आठवड्याला किती तास शिकवत होती, ते पत्रात हवं.

निबंधावर मात्र वेळ घालवावा. 'मला लहानपणापासून मुलं आवडतात' हे वाक्य समितीने शेकड्यांनी वाचलेलं असतं. त्याऐवजी काम दाखवा: "चौथीतला मुलगा ओळखीचे शब्द वाचायचा, अनोळखी शब्दाचं पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकायचा. मी ध्वनी सुटे करण्यापासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला एका मिनिटात बरोबर वाचलेल्या शब्दांची नोंद ठेवली." मग इथल्या पद्धतीची जाण दिसू द्या. मुंबईतल्या एल.डी. (अध्ययन अक्षमता) क्लिनिकमध्ये 'इयत्तेपेक्षा दोन वर्षं मागे' हा निकष वर्षानुवर्षं वापरला गेला. अमेरिकेत २००४च्या आयडिया (IDEA) या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार बुद्ध्यांक आणि प्रगती यांतली तफावत दाखवायलाच हवी अशी सक्ती राज्यांना करता येत नाही. मूल योग्य अध्यापनाला कसा प्रतिसाद देतं, हे बघून निदान करण्याला वाव आहे. एस.एस.सी.तल्या लेखनिक, जादा वेळ या सवलती इथल्या अकोमोडेशनशी, म्हणजे शाळेत मिळणाऱ्या सोयींशी, ताडून बघता येतात. पण सवलत म्हणजे उपचारात्मक अध्यापन, म्हणजे मुलाची अडचण हेरून तीवर काम करणारं शिकवणं, नव्हे. हा फरक निबंधात दिसला की अर्जदाराने मुलांसोबत बसून काम केलंय हे वाचणाऱ्याला कळतं.

निवड झाल्यावर प्रत्यक्ष शाळेत पाऊल टाकण्याआधी बोटांचे ठसे आणि बऱ्याच ठिकाणी क्षयाची चाचणी लागते. भारतात बीसीजी टोचलेल्यांची त्वचेवरची चाचणी क्षय नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आला आणि सत्र तोंडावर आलेलं. आयग्रा ही रक्ताची चाचणी बीसीजीमुळे फसत नाही. दवाखान्यात गेल्यावर तीच मागावी.