जोडीच्या गाड्या

वाळवंटातल्या लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकली तयार करून देणं हे माझं काम. गिऱ्हाईक येतं ते सीसी ठरवूनच. बरोबरच्या गाडीशी आपल्या गाडीचं काही जुळतं का, हे कुणी विचारत नाही.

परवा आलेले दोघे मित्र सहारातल्या मॉरिटानियाला निघालेत. एकाची बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस ॲडव्हेंचर, २६८ किलो. दुसऱ्याची होंडा सीआरएफ ३०० रॅली, १५३ किलो. ‘कुठली बरोबर ते तुम्हीच सांगा’ म्हणाले आणि मी तोंड उघडायच्या आत आपसातच जुंपली. एकाने १९७९च्या पहिल्या पॅरिस-डाकार वाळवंटी रॅलीचा दाखला काढला, ती एका सिलिंडरच्या यामाहा एक्सटी ५००ने जिंकली होती. दुसऱ्याने १९८१चा काढला, ती बीएमडब्ल्यूने जिंकलेली. रॅलीत मागून मदतीचे ट्रक येतात, हे दोघांच्याही डोक्यात नाही. रॅली बघून गाडी घेणाऱ्यांचं नेहमीचंच.

मी त्यांना चाकांपाशी बसवलं. मोठीचं पुढचं चाक १९ इंची, मागचं १७. छोटीची २१ आणि १८. मोठी ट्यूबलेस, छोटीत ट्यूब. मागचं चाक फिरवायला मोठीला शाफ्ट म्हणजे दांडा, छोटीला चेन. म्हणजे सुटे भाग दोन संच न्यायचे, आणि एकीचं काही अडलं तर दुसरीचा उपयोग शून्य. त्यात बेत मॉरिटानियातल्या शुम गावापासून नुआधिबू शहरापर्यंत, रेल्वेरुळांच्या कडेकडेने. तिथे रुळांचे लोखंडी तुकडे वाळूत दडलेले असतात, टायर चिरतात.

मग पेट्रोल. वाळूत खप मी दीडपट धरतो. छोटीची टाकी १२.८ लिटरची, अडीचशे किलोमीटरला कोरडी. वाट चारशेच्या वर. मोठीची ३० लिटरची टाकीही जेमतेम पुरते, तरी छोटीसाठीचं पेट्रोल तिच्याच पाठीवर. ‘मग वाहीन की,’ मोठीवाला म्हणाला. ‘पाणीसुद्धा माझ्याकडेच.’

मागे वाळू पसरून ठेवलीय तिथे नेलं. टायरची हवा १५ पीएसआयवर आणली, सामानाने भरलेल्या पेट्या लावल्या, मोठी गाडी आडवी केली. पहिल्यांदा मोठीवाल्याने एकट्याने उचलली. दुसऱ्यांदा हँडलचं टोक रुतलं आणि चाकं पलीकडे सरकायला लागली. कशीबशी उभी केली. तिसऱ्यांदा त्याने मित्राला हाक मारली. सगळं सावलीत, आणि पोटात जेवण असताना.

पण त्याचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. सहारात वाळू जेमतेम पाव भाग, बाकी खडी, दगड, कडक मैदान. नुआधिबू ते राजधानी नुआकशोत तर डांबरी रस्ता. समोरून वारा असताना तिथे दिवसभर छोटी हाकणं म्हणजे शिक्षा. वाळूचा टप्पा थोडा, पण गाडी ठरते ती त्याच टप्प्यावर, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं की तो दमला होता, कळलं नाही.

दोघांनाही यामाहाची टेनेरे ७०० सुचवली. सगळं एकसारखं, एकीचं दुसरीला लागतं. छोटीवाला सरळ नाही म्हणाला, दोनशे किलोच्या वरची गाडी त्याला झेपत नाही.

काल मोठीवाल्याचा फोन. ‘दोघांनी सीआरएफ ३००च घेतल्या तर?’ हा गडी शंभर किलोच्या पुढचा, वर पाणी, पेट्रोल, तंबू. मागचा सबफ्रेम, म्हणजे सीट आणि सामान पेलणारा सांगाडा, किती भार घेईल आणि स्प्रिंग किती कडक लागेल, ते गणित अजून कागदावरच आहे.