एसएसडी उडालीच नव्हती

बारावीचा निकाल लागला की सेवा केंद्रांवर उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेयर यासाठी जी झुंबड उडते ती सगळ्यांना माहितीये. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या सांगोला तालुक्यातल्या एका केंद्राच्या ताई लॅपटॉप घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. अपडेट चालू असताना लाइट गेली, बॅटरी आधीच मेलेली, लॅपटॉप डायरेक्ट चार्जरवर चालायचा, त्यामुळं जागीच बंद पडला आणि तेव्हापासून निळा स्क्रीन सोडून काही येईना. आधी दुसरीकडं दाखवला होता, तिथं सांगितलं एसएसडी (डाटा साठवायची डिस्क) उडाली, नवीन टाका, डाटा विसरा. डाटा म्हणजे लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रं आणि उधारीची सगळी एक्सेल. "दादा, अर्ज भरून देते म्हणून लोकांचे पैसे घेतलेत ओ मी," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या.

एसएसडी उडाली असं तिथल्या दुरुस्तीवाल्याला का वाटलं ते मला लगेच कळलं. विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह लावला की इन्स्टॉलर ड्राइव्हची यादी रिकामी दाखवतो. पण इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागून जोडायची सोय) चालू असतं, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या साध्या आयएसओमध्ये, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइलमध्ये, बहुतेक वेळा नसतो. म्हणून डिस्क चांगली असून दिसत नाही. इंटेलचं आरएसटी हे ड्रायव्हरचं पॅकेज उतरवून त्यातून ड्रायव्हरचं फोल्डर काढायचं, पेनड्राइव्हवरच ठेवायचं आणि यादी रिकामी दिसली की 'लोड ड्रायव्हर' दाबून ते दाखवायचं, बास. मी रूफसनं (बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्ह बनवला की पहिलं ते फोल्डर टाकतो. त्यात पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय, ही नवीन लॅपटॉपसाठीची सेटिंग. विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉलची मोठी फाइल ४ जीबीच्या वर जाते, ती फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर मावत नाही, म्हणून रूफस पेनड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा करतो आणि बूट होण्यापुरतं एक चिमुकलं वेगळं पार्टिशन जोडतो. ते बघून पेनड्राइव्ह बिघडला म्हणून परत फॉरमॅट करणारी पोरं मी पाहिलीत. एवढं समजून न घेता चालू डिस्क मेली म्हणून सांगायचं आणि नवीन विकायची, याचा मला खरंच संताप येतो.

दुसऱ्या पेनड्राइव्हवर माझ्याकडं लिनक्स मिंट, विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, असतं. काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालतं आणि त्याच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. लावलं तर एसएसडी ठणठणीत दिसली, पण शेजारी कुलूप. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचा डाटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन.

नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खातं टाकून सेटअप केला की एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. ताईंना विचारलं खातं कुठलं, तर त्यांना माहितीच नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून रिकव्हरीच्या स्क्रीनवर खात्याच्या इमेलची अर्धवट खूण येते, ती वाचून त्या म्हणाल्या हे माझं नाहीच. मग उलगडलं की लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं पटकन उरकावं म्हणून स्वतःचं खातं टाकून सेटअप करून दिला होता. पोरगं तिथलं काम सोडून चाकणला कंपनीत लागलेलं. ताईंनी चारपाच ओळखी फिरवून नंबर काढला आणि तो रात्री जेवणाच्या सुट्टीत बोलला, बिचाऱ्यानं का कू केलं नाही. स्क्रीनवरचा की आयडी (कुठली की लागणार ते ओळखायचा क्रमांक) त्याच्या खात्यातल्याशी जुळवला आणि कीचा एकेक आकडा सांग म्हटलं. सहा आकड्यांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं, पण फोनवर की घेताना सोनं आहे. एक आकडा जरी चुकला तरी भाग जात नाही. मी कॅल्क्युलेटर घेऊनच बसलो होतो, पाचव्या गटाला बाकी उरली, परत विचारलं तर फाइव्हचं नाइन ऐकलं गेलं होतं. आठही गट टाकले, कुलूप उघडलं, फोल्डर दिसले आणि ताई काहीच बोलेनात, नुसत्या स्क्रीनकडं बघत राहिल्या.

डाटा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढला, विंडोज नवीन टाकलं, ताईंचं स्वतःचं खातं, नवीन कीची प्रिंट फाइलला, मग थम्ब डिव्हाइसची आरडी सर्व्हिस (अंगठ्याचं मशीन चालायला लागणारं सॉफ्टवेअर). एन्क्रिप्शन मुद्दाम चालू ठेवलं, कारण त्यात शेकडो लोकांची आधार कार्डं आहेत, लॅपटॉप चोरीला गेला तर काय?

खरं लिहायला बसलो ते यानंतरच्या गोष्टीमुळं. सुट्टीच्या दिवशी त्या पोराचा फोन आला, "सर, माझ्या खात्यात अजून लई लॅपटॉप दिसायलेत." त्यानं तिथं असताना कित्येक गिऱ्हाइकांचे असेच सेटअप केलेले, म्हणजे त्यांच्या कीही त्याच्याच खात्यात. यादीत नुसती डेस्कटॉप-अमुक, लॅपटॉप-तमुक अशी आपोआप पडलेली नावं, कुणाचा कुठला ते कळायला मार्ग नाही. त्या दुकानाच्या मालकाला म्हटलं, बिलबुकावरून गिऱ्हाइकांना फोन लावू, तर तो म्हणाला, कशाला उगाच लोकांना घाबरवता. दोन वर्षं लॉगिन केलं नाही तर मायक्रोसॉफ्ट खातं बंद करू शकतं, म्हणून पोराला सांगितलंय की ते खातं डिलीट करू नको, पासवर्ड बदल आणि अधूनमधून उघडत जा. मालकाकडं परत जाणार आहे मी, बिलबुक तरी बघायला द्या म्हणून.