घानाच्या किनाऱ्यावर, किल्ल्यांच्या वाटेने

पश्चिम आफ्रिकेतला एकच देश बघायचा असेल तर कुठला, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी घाना सांगते. देश शांत, इंग्रजी सगळीकडे चालतं आणि माणसं मनापासून बोलतात. पण माझं खरं कारण किल्ले. 1482 ते 1786 या तीनशे वर्षांत पोर्तुगीज, डच, इंग्रज, डॅनिश, स्वीडिश अशा सगळ्यांनी या किनाऱ्यावर किल्ले आणि वखारी बांधल्या. त्यातले बरेच अजून उभे आहेत आणि 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

गडकिल्ल्यांवर वाढलेल्या मराठी माणसाने तर इथे यायलाच हवं. आपण गड चढतो तो अभिमानाने. दरवाजातून आत शिरताना ऊर भरून येतो, तटावर उभं राहिलं की घोषणा द्याव्याशा वाटतात. घानात पाय तेच, डोळे तेच, बुरूज आणि तोफाही ओळखीच्या. पण मन वेगळ्याच ठिकाणी जातं.

राजधानी आक्राहून पश्चिमेला केप कोस्ट साधारण दीडशे किलोमीटर आहे आणि एल्मिना त्याच्याही थोडं पुढे. बघायचे दोन किल्ले याच गावांत आहेत. कानेशीच्या स्टँडवरून त्रोत्रो मिळते. त्रोत्रो म्हणजे सीट भरल्याशिवाय न सुटणारी मिनीबस, आणि तिच्या दारात लटकून गावांची नावं ओरडणारा पोरगा तो ‘मेट’. शहराबाहेर पडताना कासोआला वाहतूक हमखास तुंबते, म्हणून पहाटे निघा. तुंबलेल्या रस्त्यावर डोक्यावर परात घेतलेल्या बायका खिडकीशी येतात. पाण्याच्या पिशव्या, तळलेल्या केळ्याचे काप, शेंगदाणे, सगळं बसल्या जागी मिळतं.

आधी एल्मिना करा. 1482 साली पोर्तुगीजांनी हा किल्ला बांधला, तेव्हा वास्को द गामा कालिकतला पोहोचायला सोळा वर्षं होती आणि गोवा घ्यायला अठ्ठावीस. वसई, चौल, कोर्लई बघितलेल्या माणसाला इथे एकदम कळतं की आपल्याकडे आलेल्या त्या सगळ्या बांधकामाची सुरुवात याच वाटेवर झाली होती. घडवलेले दगडसुद्धा त्यांनी पोर्तुगालहून जहाजात घालून आणले होते. ते आले होते सोन्यासाठी. सुरुवातीच्या काळात तर ते बेनिनकडून गुलाम आणून याच किनाऱ्यावर सोन्याच्या बदल्यात विकत. अटलांटिकपार माणसं पाठवायचा धंदा इथे नंतर वाढला आणि सोन्याच्या वखारी माणसांच्या वखारी झाल्या.

किल्ल्यासमोर बेन्या खाडीच्या पलीकडे एक टेकडी आहे. तिथे आवर्जून चढा. वरून किल्ला तळहातावर ठेवल्यासारखा दिसतो, आणि 1637 साली डचांनी नेमक्या याच टेकडीवर तोफा चढवून पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. मला तिथे वज्रगड आणि पुरंदर आठवले. 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांच्या मोहिमेत दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरवर मारा केला. शेजारची टेकडी शत्रूच्या हाती गेली की किल्ला किती दिवस टिकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. डचांना ते चांगलं उमगलं होतं, कारण नंतर त्यांनी या टेकडीवरही किल्ला बांधला.

एवढं सगळं किल्ला बघायच्या नेहमीच्या सवयीने झालं. मग आत गेलो आणि ती सवय निरुपयोगी ठरली.

तळघरात उजेड जवळजवळ नाही. हवा यायला भिंतीत उंचावर लहानशी भोकं. बायकांच्या कोठडीपुढच्या अंगणात मधोमध तोफेचा गोळा रोवलेला आहे. विरोध करणाऱ्या बाईला त्याला साखळीने बांधत, असं गाईड सांगतो. वर गव्हर्नरचा सज्जा आहे. तिथे उभा राहून तो खालच्या बायकांतून एक निवडायचा, हेही तो सांगतो, आवाज अजिबात न चढवता. आमच्या गटात अमेरिकेहून आलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंब होतं. त्यातल्या आजी भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. गाईडही थांबला. मी पर्स बंद केली, फोन आतच ठेवला. तिथे फोटो काढायला मनाई नाही, पण काढू नका असं मी सांगेन.

किल्ल्यात आणखी एक खोली दाखवतात. कुमासी ही राजधानी असलेल्या असांते राज्याचा राजा पहिला प्रेम्पे याला इंग्रजांनी 1896 मध्ये पकडलं, ते काही काळ इथे ठेवलं. पुढे त्याला सेशेल्स बेटांवर धाडलं आणि तो परत यायला 1924 साल उजाडलं. त्याचं नाव लक्षात ठेवा.

बाहेर आल्यावर लगेच गाडीत बसू नका. किल्ल्याच्या पायथ्याशीच मासेमारीचं बंदर आहे. एका अखंड खोडातून कोरलेल्या लांबलचक होड्या, त्यांवर झेंडे आणि देवाधर्माची वचनं, जाळी ओढणारे पुरुष, माशांचे भाव ठरवणाऱ्या बायका. मंगळवारी मात्र होड्या समुद्रात जात नाहीत. तो दिवस समुद्राचा, म्हणून त्या दिवशी जाळी दुरुस्त होतात. गावात ‘पोसुबान’ बघा. पूर्वीच्या लढवय्या तुकड्यांची ही स्थानकं आहेत आणि त्यांवर माणसांच्या, प्राण्यांच्या, जहाजांच्या रंगवलेल्या सिमेंटच्या मूर्ती आहेत.

केप कोस्टचा किल्ला दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. दोन्ही एकाच दिवशी उरकणाऱ्या सहली असतात, मला ते पटत नाही. केप कोस्टला पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर होतं. वर स्तोत्रं म्हटली जात तेव्हा खाली अंधारात शेकडो माणसं साखळदंडांत असायची. शेवटी समुद्राकडे उघडणारं दार येतं, त्यावर ‘परत न येण्याचं दार’ अशी पाटी आहे. ते उघडलं की डोळ्यांवर एकदम ऊन, लाटा, होड्या, पोरांचा फुटबॉल. मागे वळलात की दाराच्या बाहेरच्या बाजूला ‘परतीचं दार’ लिहिलेलं दिसतं. 1998 मध्ये अमेरिका आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष याच दारातून आत आणले गेले आणि उत्तरेला असिन मान्सो इथे दफन केले गेले. किनाऱ्याकडे चालवत आणलेल्या बंदिवानांना तिथल्या नदीत शेवटची आंघोळ घालत. कुमासीच्या रस्त्यावरच हे गाव लागतं. नदी लहानशी आहे, काठावर बांबू आहेत. गाडी थांबवून उतराच.

केप कोस्टच्या उत्तरेला काकुमचं जंगल आहे. झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा साडेतीनशे मीटरचा झुलता मार्ग, सात पूल, 1995 साली बांधलेला. सकाळी उघडताक्षणी गेलात तर गर्दी नसते आणि पक्षी ऐकू येतात.

खाण्याचं सांगायलाच हवं. सकाळी रस्त्यावर वाके घ्या: ज्वारीच्या जातीच्या पानांबरोबर शिजवल्यामुळे तांबूस झालेला चवळी-भात. शाकाहारी मंडळींसाठी ‘रेड रेड’ आहे, पामतेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकी केळी. मासे नकोत असं आधी सांगा. शितो नावाचा काळा तिखट मसाला चाखताना मला थेट घरची जवळ्याची चटणी आठवली, कारण त्यातही सुकी कोळंबी आणि सुके मासे असतात. फुफू, म्हणजे उकडलेला कसावा आणि कच्ची केळी कुटून केलेला मऊ गोळा, हाताने खातात, आधी हात धुवायला पाणी येतं. डावा हात वापरू नये, पैसे देतानाही नाही. हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

आक्रात देशाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची समाधी आणि जेम्सटाउनचं दीपगृह बघा. ओडोर्कोर भागातलं हिंदू मंदिरही बघा. घानातच जन्मलेल्या स्वामी घनानंद सरस्वतींनी ते उभं केलं आणि तिथले भक्तही घानाचेच आहेत.

निघण्यापूर्वी पीतज्वराची लस अधिकृत केंद्रात घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. ते कार्ड घानात उतरताना लागतं आणि भारतात परतताना पुन्हा तपासतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. डिसेंबर-जानेवारीत सहाराकडून धूळ घेऊन हरमट्टन वारा येतो, दम्याच्या लोकांनी जपावं.

आणि कुमासी सोडू नका. प्रेम्पेच्या घराण्याचा मानह्या राजवाडा तिथे आहे. राजघराण्याच्या बत्तीस वस्तू, त्यातल्या बऱ्याच 1874 च्या युद्धात आणि नंतर इंग्रजांनी नेलेल्या, 2024 मध्ये तिथल्या संग्रहालयात आल्या, ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून. आल्या त्या उसन्या. त्याच वर्षी त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून साताऱ्याला वाघनखं आली, तीही उसनीच. सोन्याच्या त्या तबकड्यांपुढे असांते बायका पोरांना उचलून दाखवत होत्या, आणि साताऱ्यातली रांग मला डोळ्यांपुढे दिसत होती. कुमासीच्या वस्तूंचा करार तीन वर्षांचा आहे, वाढवायची सोय आहे. जाणार असाल तर वस्तू अजून तिथेच आहेत ना, हे विचारून मगच तारखा ठरवा.