धारेची वही: ग्राइंडरकडून परत कानशीकडे

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला धडकलं आणि आमची वाडी आडवी झाली. पडलेल्या झाडांपायी घरात चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, आली, आणि तिच्यापायी हे धारेचं वेड.

माझी चेन .३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात), १८ इंची बारवरची (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), ७२ ड्राइव्ह लिंकांची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्या). दर दोन लिंकांना एक दाता, म्हणजे दाते ३६, निम्मे डावे, निम्मे उजवे. हिला ४.८ मिमीची गोल कानस लागते; छोट्या मशीनवरच्या ३/८ पिचच्या लो प्रोफाइल चेनीला ४ मिमीची. कानस जाड झाली तर दात्याचं तोंड मागे कलंडतं, बारीक झाली तर तो गळासारखा पोखरला जातो. त्यामुळे आधी पिच बघा, मग दुकानात जा.

मी अर्थातच उलट केलं. पहिली खरेदी स्वस्तातलं विजेचं ग्राइंडर. पाच मिनिटांत चेन चकचकीत! दात्यांच्या कडा निळ्या पडल्या होत्या, तेही मला छानच वाटलं. नारळाचं एक खोड कापेपर्यंत धार गुल. जास्त तापून पोलादाचं पाणीच उतरलं होतं. नारळ तसाही धार खातो, पण दोष त्याचा नव्हता. ग्राइंडरचा दगड दात्याला क्षणभर टेकवायचा आणि उचलायचा, हा हात बसायला दोन चेनी गेल्या. ज्यांच्याकडे रोज आठ-दहा चेनी येतात त्यांना ग्राइंडर परवडतं. मला नाही.

मग कानशीवर बसवायची साधी गाइडपट्टी घेतली. तिच्यावर ३० अंशांची रेघ असते, ती बारला समांतर धरायची. दात्याच्या आतून बाहेर, एकाच दिशेने रेटायचं. परत येताना कानस उचलायची. महिनाभर खूष होतो. मग काप उजवीकडे वळू लागला. व्हर्नियर लावला तर उजवे दाते डाव्यांपेक्षा जवळजवळ अर्धा मिमी लांब! एका बाजूला माझा हात जोर करतो, दुसऱ्या बाजूला कंटाळा. आता सगळ्यात आखूड दाता शोधतो, बाकीचे त्याच्या मापाला आणतो. सुरुवातीच्या दात्यावर मार्करची खूण, नाहीतर फेरी कुठे संपली ते कळत नाही.

रेकर विसरू नका. दात्यापुढचा तो उंचवटा दात्याच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. मी एकदा उत्साहात चपट्या कानशीने जास्तच उतरवला, तर मशीन लाकडात दात रोवून हिसके द्यायला लागली. तेव्हापासून मापपट्टीशिवाय हात लावत नाही. दाता आणि रेकर एकाच फटक्यात घासणारी स्टिल कंपनीची टू-इन-वन चौकट मित्राची वापरून पाहिली. काम सुरेख, पण प्रत्येक पिचला वेगळी घ्यावी लागते.

वाडीत झाडं तोडायला येणारे काका यातलं काहीच वापरत नाहीत. इंधनाची टाकी भरली की ओंडक्यावर मशीन टेकवून प्रत्येक दात्याला दोन हात. मी गाइड दाखवली तर म्हणाले, "अहो, धार जाईपर्यंत थांबताच कशाला? भुसा पिठासारखा पडायला लागला की उशीर झाला." त्यांच्या मशीनखाली कायम ढलप्या पडतात. आणखी एक त्यांचंच: जमिनीवर लोळलेल्या खोडाची लाल माती आधी कोयतीने खरवडायची. माझं निम्मं कानसणं त्यानेच वाचलं.

सध्या आंब्याच्या एका ओंडक्याच्या उभ्या फळ्या काढायच्यात. त्यासाठी जुन्या चेनीच्या दात्यांचा कोन ३० वरून १० अंशांवर आणतोय. आज डावे अठरा झाले.