नव्या भाषेचे शब्द बाजारात सापडतात

सध्या मी एक भाषा बनवायलोय. माझ्या गोष्टीतली माळावरची माणसं सोडली तर ती कोणीच बोलत नाही. हा नाद असलेली पोरं बहुतेक सुरुवात एकाच जागेवरनं करतात, डोकं हात पाय, आई बाप, एक ते दहा, इंग्रजी शब्दांची यादी घ्यायची अन् प्रत्येकापुढं एक नवा आवाज लिहीत सुटायचं. अशानं शब्द लई होतात पण माणसं दिसत नाहीत. आधी बघावं की हे लोक पोट कशावर भरतात आणि भांडतात कशावरून, शब्द तिथंच दाट असतात.

आमच्या उदगीरकडचा हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार घ्या. तिथं नुसतं बैल म्हणून भागत नाही. देवणी जातीचा म्हणलं तरी पुढं विचारणारच, वानेरा का बालंक्या का शेवरा? अंग पांढरं अन् तोंडावर काळं तो वानेरा, अंगभर काळे ठिपके तो शेवरा, अन् बालंक्या पांढराच पण खालच्या अंगाला ठिपके. मग वय कळायला दात बघायचे, आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, अन् सगळे दात आले की जुळलेला. आणि भाव तर जुनी माणसं तोंडानं बोलतच नाहीत, रुमालाखाली हातात हात अन् बोटं दाबून सौदा!

ते बघूनच माझ्या लोकांचे आकडे मी पेरांवर बसवले. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं, म्हणून ते बारा-बारानं मोजतात. रुमाल म्हणजे 'हुव', सौदा ठरला की 'हुवता', आणि सोयरीक जमली तरी हुवताच, कारण देण्याघेण्याचं तेही झाकूनच बोलतात. विहिरीचा तळ 'नुख', उन्हाळा 'नुखेल' म्हणजे तळ दिसायचे दिवस, ज्याच्या बोलण्याचा तळ दिसतो तो 'नुखर', खरा माणूस. एका मुळाला अशा फांद्या फुटल्या की त्या लोकांचा स्वभाव आपोआप कळायला लागतो.

शब्द किती पाहिजेत याची काळजी करूच नका. टोकी पोना ही 2001 साली अशीच बनवलेली भाषा सव्वाशेच्या आसपास शब्दांवर चालते. झामेनहॉफ नावाच्या माणसानं 1887 ला एस्पेरांतो ही बनवलेली भाषा आणली तीही जोडकामावरच, मालसानुलेयो म्हणजे दवाखाना, त्यात सान म्हणजे निरोगी, माल लागलं की उलटं, उल म्हणजे माणूस, एय जागा, अन् शेवटचा ओ नामाचा. फक्त काय कशाला जोडायचं हे तुमच्या लोकांच्या जगण्यावरनं ठरू द्या, माझ्या माळावर दवाखाना असता तर त्याचा शब्द विहिरीवरनंच आला असता.

आता शिव्या करायलोय, अन् मला हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण माणूस कशाला भितो ते तिथं कळतं. आईबापावरनं त्यांच्यात शिवी नाही. दुसऱ्याच्या विहिरीत माती लोटणाऱ्याला जी आहे, ती एकदा दिली की दोन घरं पिढ्यानपिढ्या बोलत नाहीत.